मोहावी वाळवंटातलं कासव आणि त्याचे शेजारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसहून लास वेगसला गाडीने गेलात की बारस्टो सोडल्यावर दोन-अडीच तास जो उजाड पट्टा लागतो ना, ते मोहावी वाळवंट. आपली बहुतेक मंडळी एसी लावून तिथून झोपून जातात. मी त्याच वाळवंटाच्या कडेला अकरा वर्षं राहतेय, वसंतात कासवांच्या मोजणीला व्हॉलंटियर म्हणून जाते, आणि भारतातून पाहुणे आले किंवा इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणाशी गप्पा झाल्या की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

वाळवंटात कासव? कासवाला पाणी नको का?

हा पहिला प्रश्न असतोच, कारण आपल्या डोक्यात कासव म्हणजे विहिरीतलं नाहीतर समुद्रातलं. हे पूर्ण जमिनीवरचं कासव आहे, पोहता येत नाही, पाय हत्तीसारखे खांबासारखे आणि पुढच्या पायांना फावड्यासारखी नखं. पूर्ण वाढलेलं साधारण फूटभर लांब, वजन चार ते सात किलो. शास्त्रीय नाव गोफेरस अगासिझी. आधी कोलोरॅडो नदीच्या दोन्ही बाजूंची कासवं एकच समजायचे, पण २०११ मध्ये अभ्यासकांनी डीएनए वगैरे तपासून नदीच्या पूर्वेकडची सोनोरन कासवं वेगळी प्रजाती म्हणून काढली. हे फक्त पुस्तकातलं भांडण नाही बरं का, कारण त्यामुळे मोहावीच्या कासवाचा टापू कागदावर एका झटक्यात खूप लहान झाला आणि ते किती अडचणीत आहे ते उघडं पडलं.

मग पाणी मिळतं कुठून?

झाडपाल्यातून थोडं, आणि पावसातून. मूत्राशय ही त्याची टाकी. पोटभर पाणी प्यायलेल्या कासवाच्या वजनाचा मोठा वाटा त्या टाकीतच असतो, आणि त्यातलं पाणी परत शरीरात खेचून ते वर्षभर नवीन थेंब न पिता काढू शकतं.

माझे बाबा इकडे आले होते तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा दुपारी अचानक वळीव आला, आम्ही गाडी बाजूला लावून काचा खाली केल्या तर क्रिओसोटच्या झुडपांचा तो पावसातला उग्र वास, आणि पंचवीस-तीस पावलांवर एक कासव बाहेर आलं होतं. त्याने आधीच जमीन खरवडून परातीसारखा उथळ खळगा केलेला होता, पाणी त्यात साठत होतं आणि त्याने मान लांब करून नाक-तोंड सगळं पाण्यात बुडवलं ते दहा मिनिटं वर काढलंच नाही. गळ्याची कातडी तेवढी हलत होती. बाबा दुष्काळी माण तालुक्यातले, ते इतकंच म्हणाले की याला पाण्याची किंमत कळते. मला अजून ती परात डोळ्यांसमोर येते.

म्हणूनच सांगते, कासव उचलू नका. घाबरलं की ते लघवी करून टाकतं, म्हणजे तुम्ही फोटोसाठी उचललं आणि त्याची सहा महिन्यांची टाकी वाळूत ओतली गेली. नंतर पाऊस झाला नाही तर ते तहानेने मरू शकतं, आणि तुम्ही तोवर वेगसला पोचून विसरलेले असता.

उन्हाळ्यात ४५ अंशांत जगतं कसं?

जगतं ते बिळात. आयुष्याचा साधारण ९५ टक्के वेळ जमिनीखाली जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शीतनिद्रा, मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत फिरणं-खाणं, मग कडक उन्हाळ्यात परत आत, आणि पाऊस झाला तर उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा बाहेर. नेवाडात दरवर्षी शाळेतली मुलं 'मोहावी मॅक्स' नावाचं एक कासव वसंतात बिळातून कधी बाहेर येईल ते तारीख-वेळेसकट ओळखायची स्पर्धा खेळतात, माझ्या भाचीनेही एकदा भाग घेतला होता.

बिळाचं तोंड अर्धचंद्रासारखं असतं, खाली सपाट आणि वर घुमट, अगदी कासवाच्या पाठीच्या आकाराचं. मोजणीला जातो तेव्हा आमच्याकडे छोटा आरसा असतो, त्याने ऊन आत फेकायचं, की मग अंधारात आधी पुढच्या पायांचे खवले चमकतात आणि मग मागे डोळा दिसतो. कधी आत कासव नसतंच, पिवळे डोळे वटारलेलं बिळातलं घुबड असतं, कधी खुळखुळ्या साप, कधी पाल. म्हणजे एका कासवाने खणलेल्या बिळावर कितीतरी जण उन्हाळा काढतात. कासव गेलं की ती बिळं हळूहळू ढासळतात आणि नवीन कोणी खणत नाही.

खातं काय?

पावसानंतर उगवणारी रानफुलं, कोवळं गवत, फड्या निवडुंगाची पानं. माती आणि हाडाचे तुकडेही चघळतं, कॅल्शियमसाठी.

पाठीवरच्या रेषा मोजून वय कळतं का?

नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी जास्त रेषा येतात, दुष्काळात एकही नाही.

जगतं किती? आणि पिल्लं?

५० ते ८० वर्षं, आणि इथेच सगळी गोम आहे, त्यामुळे हे उत्तर जरा लांब होणार.

मादी पहिली अंडी घालते तीच मुळी १३ ते २० वर्षांची झाल्यावर. एका वेळी सरासरी चार-पाच अंडी, चांगल्या वर्षी दोनदा, क्वचित तीनदा. ती बिळाच्या तोंडाशी पुरते आणि तीन-चार महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. नर की मादी हे ठरतं मातीच्या उबेवर, साधारण ३१ अंशांच्या खाली राहिली तर नर, त्याच्या वर गेली की मादी, म्हणजे वाळवंट तापत गेलं तर फक्त माद्याच जन्मतील अशी भीती आहे. शंभर पिल्लांतली मोजकी दोन-चारच मोठी होतात. हा हिशोब हजारो वर्षं जमत होता कारण एकदा मोठं झालेलं कासव सहसा मरत नसे, कवच कडक झालं की त्याला खाणारं फार कोणी नाही, आणि एक मादी चाळीस-पन्नास वर्षं अंडी घालत राहायची. आता रस्त्यावर एक मोठी मादी चिरडली गेली तर तिची जागा घ्यायला दुसरी तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तेही नशीब असेल तर. लोक विचारतात सशासारखी पैदास का करत नाहीत, सेंटर काढा आणि सोडा. या प्राण्याचं घड्याळच वेगळं आहे. मोठ्या माद्या वाचवणं हेच खरं काम, बाकी सगळं त्याच्या मागून.

नर-मादी ओळखायचं कसं?

नराच्या हनुवटीखाली कवचाचा भाग शिंगासारखा पुढे आलेला असतो, त्याने तो दुसऱ्या नराला उलटं पाडतो. पोटाकडचं कवचही नराचं आत खोलगट असतं.

खरंच एवढी कमी झालीत का? कायदा काय म्हणतो?

हो. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने एप्रिल १९९० मध्ये या कासवाला 'संकटग्रस्त' यादीत घातलं, १९९४ मध्ये ६४ लाख एकर जमीन महत्त्वाचा अधिवास म्हणून जाहीर केली, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून जास्त. तरीसुद्धा २००४ ते २०१४ या दहा वर्षांतल्या मोजणीत मोठी कासवं साधारण एक तृतीयांश कमी झालेली निघाली. बऱ्याच भागात चौरस किलोमीटरला चार मोठी कासवंही उरली नाहीत, आणि त्याच्या खाली गेलं की नर-मादी एकमेकांना सापडणंच अवघड होतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव आयोगाने राज्याच्या यादीत त्याला आणखी वरच्या धोक्याच्या वर्गात टाकायला मत दिलं. हेच कासव कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोन्हींचं राज्य-सरीसृप आहे, शाळेच्या भिंतींवर चित्रं असतात, आणि तरी ही परिस्थिती.

कमी का होतायत? एकच मोठं कारण सांगा.

एकच कारण नाहीये हो, आणि हेच लोकांना पटत नाही. पण कावळ्यापासून सुरू करते.

इथला रेव्हन म्हणजे आपल्या डोमकावळ्यापेक्षा दांडगा पक्षी. पूर्वी वाळवंटात तो मोजकाच असायचा कारण त्यालाही पाणी आणि खाणं लागतं. मग माणूस आला, कचरा डेपो आले, हायवेवर मेलेले प्राणी, बर्गरच्या दुकानामागचे उघडे डबे, गोल्फचं हिरवळीचं मैदान, सांडपाण्याची तळी, आणि घरटं बांधायला हाय टेन्शन लाइनचे टॉवर. मोहावीत १९६० च्या दशकापासून रेव्हन सातपटीहून जास्त वाढलेत. कासवाच्या पिल्लाचं कवच पहिली पाच-सहा वर्षं आपल्या नखाइतकंच कडक असतं, रेव्हन चोच मारून पाठीला भोक पाडतो आणि आतलं खातो. मी एका टॉवरखाली उभी राहून स्वतः मोजली, मोठ्या लिंबाएवढी सतरा कवचं होती, प्रत्येकाला पाठीवर भोक, काही इतकी हलकी की वाऱ्याने सरकत होती. एका घरट्याच्या जोडीने एवढी.

रेव्हनला सरसकट मारता येत नाही, तोही कायद्याने संरक्षित पक्षी आहे, आणि चूक त्याची नाहीच. म्हणून आता त्यांच्या अंड्यांना ड्रोनने तेल लावून ती उबू नयेत असं करतात, थ्रीडी प्रिंट केलेली खोटी पिल्लं ठेवतात ज्यांना चोच मारली की तोंडावर वाईट चवीचा फवारा उडतो. चांगलं आहे. पण डब्याचं झाकण लावणं त्याहून सोपं आहे, आणि पिकनिकला गेल्यावर चिवड्याची उघडी पिशवी बाकावर सोडून जाणारे आपलेही लोक मी पाहिलेत.

आणि रस्ते?

रस्ता फक्त चिरडत नाही. मोठ्या हायवेच्या दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचा पट्टा कासवांविना रिकामा होत जातो. यावर सोपा उपाय आहे, गुडघ्याएवढ्या उंचीची बारीक जाळी, खालची कड जमिनीत पुरलेली, आणि रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जायची वाट. कॅलिफोर्नियाच्या ५८ नंबर हायवेवर अशी जाळी लावलेल्या भागात न लावलेल्या भागापेक्षा मेलेली कासवं ९० टक्क्यांहून कमी सापडली. मग सगळीकडे का नाही लावत? पैसा, आणि नंतरची डागडुजी. एका पुरात जाळी उखडली की ते भोक कासव शोधून काढतंच. कच्च्या रस्त्यांवर तर जाळी नाहीच, आणि तिथे मोटरसायकली आणि वाळूत पळवायच्या मोटारी बिळांवरून जातात.

कसला तरी आजार आहे म्हणे?

आहे. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूंमुळे होणारा श्वासाचा आजार, नाक गळतं, डोळे सुजतात, कासव खाणं सोडतं. याचा एक मोठा रस्ता म्हणजे लोकांनी घरी पाळलेली आजारी कासवं 'मोकळी' करून वाळवंटात सोडणं. मनापासून, दयेने केलेलं असतं ते. पण त्या एका कासवाने शेजारची वीस बिळं आजारी पडू शकतात.

गवत वाढलं तर चांगलंच ना?

हे इथलं गवत नाही. लाल ब्रोम, चीटग्रास, भूमध्य समुद्राकडून आलेलं एक बारीक गवत, ही सगळी बाहेरची. यांच्यात पोषण कमी, आणि नुसतं वाळकं गवत खाऊन कासवाचं पाणी उलट खर्च होतं. दुसरं म्हणजे आग. मोहावीतली झुडपं एकमेकांपासून लांब लांब असतात, मध्ये उघडी माती, त्यामुळे वीज पडली तरी एक झुडूप जळून विझायचं. आता मधली जागा या गवताने भरलीय आणि आग धावते. २०२० च्या डोम फायरमध्ये मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमधली साधारण १३ लाख जोशुआ झाडं गेली, २०२३ ला यॉर्क फायर झाली. ही झाडं-झुडपं आगीतून परत येणारी नाहीत, शंभर वर्षं लागतात.

सोलर प्रकल्प तर पर्यावरणासाठीच असतात, मग त्यांना विरोध का?

सोलरला विरोध नाही, जागेला आहे. वेगसच्या वाटेवर प्रिमजवळ तीन उंच मनोरे डोळे दिपवतात ना, तो इव्हानपाहचा प्रकल्प, २०१४ ला सुरू झाला. बांधकामात अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कासवं निघाल्यामुळे २०११ मध्ये काही भागातलं काम थांबवावं लागलं होतं. मग म्हणतात कासवं दुसरीकडे नेऊन सोडू. तर २००८ मध्ये फोर्ट अर्विन या लष्करी तळाच्या विस्तारासाठी सहाशेहून जास्त कासवं हलवली, नेमका दुष्काळ होता, ससे-उंदीर कमी झाल्याने उपाशी कायोटी (कोल्ह्यासारखे प्राणी) कासवांवर वळले आणि इतकी मेली की काम थांबवलं. २०२१ मध्ये पाहरंपजवळ सोलरसाठी १३९ हलवली, त्यातली तीसेक बॅजर नावाच्या जमीन उकरणाऱ्या प्राण्यांनी खाल्ली. कासवाला त्याचा एरिया पाठ असतो, कुठलं बीळ खोल, कुठे पाणी साचतं. नवीन जागी ते घराच्या दिशेने चालत सुटतं आणि उघड्यावर सापडतं. माझं मत स्पष्ट आहे, आधीच उकरलेल्या जमिनी, पडीक शेतं, पार्किंगची छतं यांवर पॅनेल लावा, तिथे जागा संपली की मग वाळवंटाकडे बघा.

रस्त्यात कासव दिसलं तर काय करू?

आधी गाडी सुरक्षित जागी थांबवा. रस्त्याबाहेर असेल तर लांबून बघा आणि निघा. रस्त्याच्या मधोमध असेल आणि खरंच गाडीखाली जाण्याची भीती असेल तरच उचला, तेही दोन्ही हातांनी, सपाट, जमिनीपासून फार वर न नेता, तिरकं किंवा उलटं अजिबात न करता. ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला रस्ता ओलांडून थोडं आत सावलीत ठेवा. मागे ठेवलंत तर ते परत रस्त्यावर येणार. आणि उन्हात गाडी लावली असेल तर निघण्याआधी चाकांखाली वाकून बघा, सावली म्हणून तिथे येऊन बसतात.

एकदा आमच्याबरोबर आलेल्या एका कुटुंबाने मुलांना दाखवायला म्हणून कासव गाडीत घेतलं आणि दोन मैलांवर कॅम्पात आणलं. मी अक्षरशः रडकुंडीला आले, परत त्याच जागी नेऊन ठेवलं, पण ते टाकी रिकामी करून बसलं होतं सीटवर. वाईट माणसं नव्हती, माहीत नव्हतं इतकंच. कायद्याने मात्र हा गुन्हा आहे, मोठा दंड आणि कैदही होऊ शकते.

घरी पाळता येतं का?

वाळवंटातून उचलून कधीच नाही. आधीपासून माणसांत असलेली हजारो कासवं आहेत, ती इथे रीतसर दत्तक मिळतात, पण ऐंशी वर्षांची जबाबदारी आहे हे धरून चाला. भारतातल्या वाचकांसाठी, आपलं तारा कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. लक्ष्मी येते म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका, त्यामागे एक अख्खी तस्करीची साखळी असते. २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्ण बंद झालाय.

साप? मुलांना घेऊन जावं की नाही?

जा की. बूट घाला, हात न बघता दगडाखाली घालू नका, अंधारात टॉर्च ठेवा. इथला साइडवाइंडर आडवा आडवा सरकतो, वाळूवर इंग्रजी 'J' अक्षरासारख्या तुटक रेघा उमटतात. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही, आपलं फुरसं तसंच चालतं. मोहावी खुळखुळ्याचं विष मात्र मज्जातंतूंवर जातं, चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही, ९११ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. तो शेपूट वाजवतो म्हणजे लांब राहा सांगतो, बहुतेक चावे पकडायला किंवा मारायला गेल्यावरच होतात.

बाकी सरडे वगैरे?

'चकवाला' नावाचा सरडा माझा आवडता. काळसर, जाड, हातभर लांब, पूर्ण शाकाहारी. धोका दिसला की खडकाच्या फटीत शिरतो आणि हवा भरून असा फुगतो की ओढून निघत नाही, तानाजीच्या घोरपडीची आठवण यावी असा. लोक त्याला काढायला पहारीने खडक फोडतात, पाळायला विकतात, आणि तो फुटलेला खडक परत कधी जुळत नाही. डेझर्ट इग्वाना भर दुपारी फिरतो आणि क्रिओसोटची पिवळी फुलं खातो. शिंगवाला सरडा मुंग्यांवर जगतो, म्हणून घरी नेला तर उपासमारीने मरतो.

पण पाम स्प्रिंग्जजवळच्या कोचेला खोऱ्यातला झालरबोट्या सरडा, हे नाव मीच पाडलंय, त्याच्याबद्दल जरा थांबून सांगते. बोटांना झालरीसारखे खवले, त्यावर तो मऊ वाळूवरून पळतो आणि क्षणात वाळूत बुडी मारतो. १९८० पासून संकटग्रस्त. त्याला हवी फक्त उडती बारीक वाळू, आणि ती वाळू येते डोंगरातून पुराबरोबर, मग वारा ती चाळून खोऱ्यात पसरवतो. आता मधे घरं, भिंती, झाडांच्या रांगा आल्या तर समोरची टेकडी तुम्ही कितीही कुंपण घालून जपा, वरून नवीन वाळू येत नाही आणि टेकडी कडक होऊन झाडोऱ्याने भरते. म्हणून तिथे सरड्याबरोबर वाऱ्याची वाट राखावी लागते.

गिला मॉन्स्टर हा सरडा खरंच विषारी?

हो, पण अतिशय संथ, आणि अंडी शोधून खाणारा, कासवाचीही. मादी कासव अंड्यांसाठी त्याच्यावर धावून गेलेलीही पाहिलीय अभ्यासकांनी. त्याच्या विषात सापडलेल्या एका घटकावरून डायबिटीसचं एक्सेनाटाइड हे औषध बनलं, २००५ मध्ये मंजूर झालं. माझ्या घरात तीन जण शुगरचे, त्यामुळे या प्राण्याबद्दल मला वेगळाच जिव्हाळा आहे.

आपल्याकडे असं काही आहे का?

थरमध्ये सांडा आहे, काटेरी शेपटीचा, बिळात राहणारा, गवत-पाला खाणारा. त्याला पकडून पाठ मोडून जिवंत ठेवतात आणि चरबीचं 'सांडे का तेल' म्हणून रस्त्यावर विकतात. त्या तेलात औषधी काहीही नाही. कोणी विकताना दिसलं तर घेऊ नका आणि वन खात्याला कळवा.

मला कासव बघायचंय. कधी, कुठे?

एप्रिल आणि मेची सुरुवात, सकाळी नऊच्या आसपास, आदल्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला असेल तर. कॅलिफोर्निया सिटीजवळ कासवांसाठीच राखलेला एक भाग आहे, युटात सेंट जॉर्जजवळ रेड क्लिफ्स, नाहीतर जोशुआ ट्री नॅशनल पार्क. पायवाट सोडू नका, कुत्रा न्यायचा असेल तर दोरीत, आणि तो कुठे चालतो हे आधी बघून घ्या. बिळ दिसलं तर तोंडावर कोळ्याचं जाळं आहे का ते लांबून बघा. जाळं असेल तर बऱ्याच दिवसांत कोणी आलं-गेलं नाही. जाळं नसेल आणि तोंडाशी ताजी माती, नखांचे ओरखडे दिसले तर वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन, वाऱ्याच्या आड, गप्प बसा. कधी तासभर लागतो. आधी डोकं येतं, मग ते बराच वेळ तसंच थांबतं.